दुसऱ्या खेळाडूला स्टार्ट नव्हतं

तीन आठवडे मी नुसता बघत होतो.
आडवं घ्यावं की उभं,
साडेतीन इंची पडदा पुरेल की चार लागेल.
चौकोनीच हवा, कारण ते खेळ चौकोनी होते;
रुंद पडद्यावर रणगाडे
बसलेल्या मांजरांसारखे पसरतात.
बॅटरी सहा तास म्हणतात, म्हणजे चार.
वजन एकशे ऐंशी ग्रॅम.
दाभोली नाक्यावर तेवढेच काजूगर तोलून घेतले
आणि पुडी दोन्ही हातांत धरून
उभ्या उभ्या अंगठे हलवून पाहिले.
दुकानदाराने विचारलं, काय रे, जप करतंस?

दर्शूचा उजवा अंगठा अर्धाच वळतो.
अकरा वर्षं कारखान्यात बी फोडतेय,
राख कितीही चोळली तरी ते तेल
कातडीत आपलं घर करतंच.
म्हणून बटणं मऊ हवीत.
प्रोसेसर, रॅम, सगळ्याचे आकडे छापतात,
मऊपणाचा आकडा कुणी छापत नाही.

कुरिअर कुडाळपर्यंतच आलं.
पुढे मोचेमाडकर कंडक्टरने
तिकिटांच्या पेटीशेजारी ठेवून आणलं.

आधी सोबतचं कार्ड काढून फेकलं.
फुकट आलेलं कार्ड म्हणजे ठिगळाची होडी,
बंदरातच बुडाली तर नशीब समजायचं.
नव्या चार्जरला हे यंत्र ओळखच देईना,
एक रात्र मी त्याला मेलेलं धरून चाललो.
सकाळी जुनी, जाड टोकाची वायर लावली
आणि कोपऱ्यात लाल ठिपका उठला.
मग फोल्डरचं एक अक्षर लहान, एक मोठं,
तेवढ्यासाठी दीड तास काळा पडदा.

दहा हजार खेळ भरून आले होते.
बाबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या
कॅसेटवरही लिहिलं होतं नऊ हजार नऊशे नव्याण्णव,
निघाले सतरा.
खाऱ्या हवेने तिचे दात हिरवे पडायचे,
फुंकर मारून मारून आमचे गाल दुखायचे.
मी अकरा खेळ ठेवले. बाकीचे पुसले.

त्या यंत्राला दोन रिमोट होते.
पहिल्यावर स्टार्ट, सिलेक्ट, सगळं.
दुसऱ्यावर ती जागा सपाट,
नुसतं प्लास्टिक.
पहिला माझा. मी मोठा, म्हणून.
का, असं कुणी विचारलंही नाही.

आई मासे निवडायला हाक मारायची.
दर्शू म्हणायची, "वायच थांबव रे, येतंय मी."
मी थांबवायचो नाही.
तिचा हिरवा रणगाडा विटांपाशी उभा असायचा,
तोंड वर करून,
आणि ती परत येईपर्यंत
तिथे काही नसायचं.
हात खवल्यांचे. ती काही बोलायची नाही.
पुढच्या डावाला बसायची.

सेटिंगमध्ये शेवटची रात्र घालवली.
गोळी उजवीकडून काढून डाव्या खांद्याच्या बटणावर,
स्टार्ट त्याच्या मागच्या बटणावर,
डाव्या तर्जनीला सहज लागेल असं.
उजव्या अंगठ्याला काहीच काम ठेवलं नाही,
तो नुसता टेकून राहील.
मला दुसरा खेळाडू.
एक स्वस्त रिमोट वायरीने जोडला,
स्टार्ट त्याच्यावर होतं,
ते मी यादीतून काढून टाकलं.

रविवारी ती पडवीत बसली, पाय पसरून.
"ह्या काय, लहान पोरांचा?" म्हणाली,
आणि दुसऱ्याच मिनिटाला
माझ्याच रणगाड्यावर गोळी घातली.
तिसऱ्या पातळीवर शेजारच्या तारींची सून
वाटीभर साखर मागायला आली.
दर्शूची तर्जनी सहज हलली.
सगळं जागच्या जागी.
एक गोळी हवेत, माझ्यापासून दोन विटा लांब.

ती साखर द्यायला गेली, आणि बोलत राहिली.
कुणाच्या लग्नाचं, मग कुणाच्या बोरिंगचं.
मी रिमोटची बटणं दाबून पाहिली.
काही हललं नाही.
आत चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला,
म्हणजे अजून वेळ होता.